ब्रायन अ‍ॅडम्सच्या पलीकडचा कॅनडा

कॅनडातला गायक म्हटलं की आपल्याकडे अजूनही पहिलं नाव निघतं ते ब्रायन अ‍ॅडम्सचं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार हातात आलेला मुलगा 'समर ऑफ सिक्स्टीनाइन' वाजवायचाच. टोरोंटोला आले तेव्हा माझीही शिदोरी एवढीच होती. इथे रेडिओ ऐकायला लागले आणि ऐंशीच्या दशकातली एकेक गाणी कानावर पडायला लागली. इथल्या पन्नाशी-साठीच्या माणसांना ती तोंडपाठ, पण आपल्याकडे त्यांचं नावही कुणी ऐकलेलं नाही. हा देश मला आपला वाटायला लागला त्यात या गाण्यांचा मोठा वाटा आहे, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितेय.

ही गाणी तगली त्यामागे एक नियम आहे. शेजारी अमेरिका, भाषा तीच, आणि रेडिओच्या लहरींना सीमेवर कुणी अडवत नाही. त्यामुळे इथली केंद्रंही अमेरिकन आणि ब्रिटिश गाणीच वाजवत बसायची. १९७१ पासून एएम केंद्रांना किमान ३० टक्के कॅनेडियन संगीत वाजवणं सक्तीचं झालं. गाणं कॅनेडियन आहे की नाही हे चार गोष्टींवर ठरायचं: संगीतकार, गायक, ध्वनिमुद्रण आणि गीतकार. यातलं निदान दोन तरी इथलं हवं. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात खोकी चाळताना चार भाग केलेलं एक छोटं वर्तुळ दिसतं, ती याचीच खूण. या नियमाचा फटका खुद्द ब्रायन अ‍ॅडम्सलाही बसला. १९९१च्या अल्बमची गाणी त्याने परदेशी निर्मात्याबरोबर मिळून लिहिली होती, म्हणून ती 'कॅनेडियन' धरली गेली नाहीत! त्यावर भरपूर वाद झाला आणि पुढे नियमात दुरुस्ती करावी लागली. पण मला विचाराल तर नियम चांगलाच होता. तो नसता तर पुढची निम्मी गाणी तरी गल्लीबाहेर गेली नसती.

'मार्था अँड द मफिन्स' हा टोरोंटोचा बँड. त्यात मार्था नावाच्या दोघीजणी होत्या. १९८०चं त्यांचं 'एको बीच' ब्रिटनमध्येही गाजलं, तेव्हा त्याला अगदीच अनोळखी म्हणता येणार नाही. बँडमधल्या मार्क गेनला ते सुचलं वॉलपेपरच्या कारखान्यात, छपाईतले दोष तपासण्याचं कंटाळवाणं काम करताना. दिवसभर कामाला जुंपलेली एक मुलगी मनातल्या किनाऱ्यावर जाऊन बसते, एवढाच विषय. आज टोरोंटोत तळ्याकाठी याच नावाचं खुलं संगीतस्थळ आहे.

माझं सगळ्यात लाडकं मात्र 'स्पून्स'चं 'रोमँटिक ट्रॅफिक', १९८४चं. हा बँड बर्लिंग्टनचा, म्हणजे टोरोंटो आणि हॅमिल्टनच्या मधल्या गावचा. गॉर्ड डेपे गायचा आणि सँडी हॉर्न बेस वाजवायची. निर्माता होता नाइल रॉजर्स, डेव्हिड बोवीचा 'लेट्स डान्स' करणारा. एवढा मोठा माणूस हाताशी असूनही गाण्यात कुठे बडेजाव नाही. धृपदाच्या जागी नुसतं 'डू-डू-डू', एकदा ऐकलं की दिवसभर ओठांवर राहणारं. आणि त्याचा व्हिडिओ चक्क टोरोंटोच्या सबवेत चित्रित केलेला! सेटबिट काही नाही. फलाट, गाडीचा डबा, आजूबाजूला प्रवासी आणि त्यांच्यात ही केस फुलवलेली पोरं. रोज ज्या मार्गाने मी कामाला जाते तो चाळीस वर्षांपूर्वी कसा दिसायचा, लोक कसले कोट घालायचे, हे मी पहिल्यांदा त्या व्हिडिओत पाहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'मचम्यूझिक' ही इथली संगीतवाहिनी सुरू झाली आणि अशा व्हिडिओंना हक्काचं घर मिळालं. ऑफिसमधल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंकडे या गाण्याचा विषय काढला, तर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून पूर्ण गाणं म्हणून दाखवलं.

व्हँकुव्हरच्या 'पेओलाज'चं 'आइज ऑफ अ स्ट्रेंजर' (१९८२) जरूर ऐका, रेगेचा ठेका धरून चालणारं गूढ गाणं आहे. त्यातला बॉब रॉक पुढे मेटालिकाचा निर्माता झाला. आणि माँट्रियलची लुबा! युक्रेनियन घरातली मुलगी, आधी त्या भाषेतली लोकगीतं गायची. 'एव्हरीटाइम आय सी युअर पिक्चर' वरवर प्रेमगीत वाटतं, पण ते तिने वडील गेल्यावर त्यांच्यासाठी लिहिलं. हे कळल्यावर परत ऐकलं आणि मला माझे बाबा आठवले. याहून जास्त त्याबद्दल लिहिता येणार नाही.

'पॅराशूट क्लब'चं 'राइज अप' (१९८३) हे टोरोंटोचं खरं गाणं. या शहरात कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा सोका (तिकडचं नाचाचं संगीत), त्यांचा रेगे क्वीन स्ट्रीट वेस्टच्या तरुण मंडळींनी आपलासा केला आणि त्यातून हे गाणं झालं. ध्वनिमुद्रण हॅमिल्टनच्या ग्रँट अव्हेन्यू स्टुडिओत, निर्माता डॅनियल लॅन्वा, जो पुढे यू-टूबरोबर काम करून जगभर नावाजला गेला. गाणं स्वातंत्र्याचं, आपल्या मनासारखं जगण्याचं आहे, त्यामुळे मोर्च्यात आणि समलिंगी समाजाच्या 'प्राइड' मिरवणुकीत ते हमखास वाजतं. २०११ मध्ये विरोधी पक्षनेते जॅक लेटन यांच्या अंत्यविधीत बँडच्या गायिकेने, लोरेन सेगाटोने, हेच गाणं म्हटलं. अंत्ययात्रेतले अभंग ऐकत वाढलेल्या मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवटचं गाणं इंग्रजीतही नाही आणि फ्रेंचमध्येही नाही. क्वेबेकमध्ये सेंट लॉरेन्सच्या उत्तर काठावर मालिओटेनाम नावाची इन्नू या मूळनिवासी लोकांची वस्ती आहे. तिथल्या फ्लोरेंट व्होलांट आणि क्लॉड मॅकेन्झी या दोघांचा बँड 'काश्तिन'. १९८९ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, सगळा इन्नू भाषेत. ही भाषा बोलणारी माणसं इनमिन काही हजार, तरी 'ए उआसिउइआन' हे बालपणाचं गाणं क्वेबेकभर गाजलं. शब्द न कळता लोक ते गुणगुणत होते. पुढच्याच वर्षी ओका गावात जमिनीवरून मोहॉक हे दुसरे मूळनिवासी लोक आणि सरकार यांच्यात संघर्ष पेटला आणि क्वेबेकमधल्या काही रेडिओ केंद्रांनी काश्तिनची गाणी वाजवणंच थांबवलं. इन्नू वेगळे, मोहॉक वेगळे, त्या भांडणाशी या दोघांचा काडीचा संबंध नव्हता. मला याचा अजूनही राग येतो. बाकीची गाणी तुम्ही स्वयंपाक करता करता ऐकलीत तरी चालेल, हे एक मात्र निवांत बसून, हेडफोन लावून ऐका. दोन गिटार आणि दोन आवाज, बाकी फारसं काही नाही, आणि लागतही नाही.