तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं ॲप घेऊ?

‘ताई, शेअर घ्यायला कुठलं ॲप घेऊ?’

ऑफिसात चहाच्या वेळी, हळदीकुंकवाला, एकदा तर एसटीत दांड्याला धरून उभी असताना हा प्रश्न ऐकलाय. माझे पैसे गेले हे विचारणाऱ्यांना माहीत असतं. तरी विचारतात. मी ‘सगळी सारखीच’ म्हणून वेळ मारून नेते. परवा एकजण तोंडावर म्हणाली, ‘स्वतः सगळं शिकून घेतलंत, आणि आम्हाला वाटेला लावता.’ ते लागलं मला. म्हणून एकदाच काय ते सांगते.

सगळी सारखीच असतात हे मी टाळायला म्हणत नव्हते. ॲप ज्या ब्रोकरचं, त्याची सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी आहे ना, एवढं बघायचं. तुम्ही घेतलेले शेअर ॲपमध्ये नसतातच, ते सीडीएसएल नाहीतर एनएसडीएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे तुमच्या नावावर असतात. ॲप ही नुसती खिडकी. एक ॲप डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवायला, ब्रोकरेज घेत नाही, दुसरं ऑर्डरमागे वीस रुपये घेतं. शेअर विकताना डीपी चार्जेस लागतात, वर्षाची देखभाल फी असते. महिन्याला दोन-तीन हजार टाकणाऱ्याला यात वर्षाकाठी काहीशेचा फरक पडेल. त्यासाठी डोकं शिणवू नका.

खातं उघडणंही अवघड नाही. पॅन, आधार, कोऱ्या कागदावर सही करून तिचा फोटो, एक सेल्फी, ओटीपी. मी महसूल खात्यात आहे. आमच्याकडे फेरफार मंजूर व्हायचा तर नोटिशीचेच १५ दिवस जातात. इथे माझा अर्ज वीस मिनिटांत भरून झाला आणि दोन दिवसांत खातं चालू. मला फार अभिमान वाटला होता. घरातलं बँकेचं सगळं काम नवरा बघायचा, आणि हे मी एकटीने, कुणाला न विचारता केलं होतं. तो अभिमान मला अजूनही चुकीचा वाटत नाही.

दोन वर्षं मी फक्त डिलिव्हरीत घेतलं. पगार झाला की दोन हजार. एक बँक, एक साबण-तेलाची कंपनी, निफ्टीचा ईटीएफ, म्हणजे निफ्टी या निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांची एकत्र जुडी. वहीत तारीख, भाव, नग, सगळं लिहायची. ‘तुम्हाला झटपट श्रीमंत व्हायचं होतं’ असं जे मला सुनावतात, त्यांनी ती वही बघावी.

पण दोन वर्षांनी वहीतल्या बेरजेपुढे माझा नफा नऊ हजारांच्या आसपास होता, आणि आमच्याच मजल्यावरचा एकजण नऊ हजार एका दुपारीत झाले म्हणून फोन दाखवत होता. ते आकडे खरे होते. दुसऱ्या दिवशीचे आकडे तो दाखवायचा नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

तुम्ही ज्याबद्दल विचारायला हवं ते इथे येतं. खातं उघडलं की शेअरची खरेदी-विक्री चालू होते. एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, पुढच्या भावावर लावलेले ठरावीक मुदतीचे सौदे, आपोआप चालू होत नाही. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट किंवा पगाराची स्लिप. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रात्री, कुकर गार व्हायची वाट बघत, मी ओट्यापाशी उभं राहून पगाराची स्लिप अपलोड केली. कुणी गळ घातली नव्हती. दुसऱ्या दिवशी ‘तुमचा सेगमेंट सुरू झाला आहे’ असा मेसेज आला.

त्यानंतर रोज ॲप उघडलं की आधी एक चौकट यायची. एफ अँड ओ करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी नऊजणांना निव्वळ तोटा होतो. जुलै २०२३ पासून सेबीने ही सूचना दाखवणं ब्रोकरना बंधनकारक केलं आहे. तिच्याखाली बटण असतं, समजलं म्हणून. मी ते रोज दाबलं. मला समजलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या दहांतली तोटा न होणारी एक मीच आहे, असं मी धरून चालले होते. वही लिहिणारी, टेलिग्रामवरच्या टिपा न घेणारी, बारावीला गणितात ८८ मिळवणारी.

आता ४ जूनचं.

तीन जून २०२४, सोमवार. शनिवारी लोकसभेचे एक्झिट पोल आले होते आणि सोमवारी निफ्टी ७३३ अंकांनी वर, २३,२६३ वर बंद झाला. दुपारी मतमोजणीच्या प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत, जिन्यात बसून, मी निफ्टीचे २३,५०० चे कॉल घेतले, म्हणजे मुदतीला निफ्टी २३,५०० च्या वर असला तर पैसे, नाहीतर शून्य. मुदत गुरुवारची, ६ जून. लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावा लागणारा गठ्ठा, तेव्हा २५ चा होता. आठ लॉट, ४८ हजार रुपये. आधी मी कधी एका लॉटच्या वर गेले नव्हते.

ते ४८ हजार भिशीचे होते. आम्ही बाराजणी, महिन्याला चार-चार हजार. माझा नंबर चौथा आला. मेढ्याच्या पुढे आमचं गाव आहे, तिकडे पाऊस नुसता झोडपतो, आणि माहेरच्या घराचे पत्रे त्या पावसाळ्याआधी बदलायचे होते. अण्णांनी माप घेऊन कागद पाठवला होता. मनात हिशेब असा, की दोन दिवसांत पैसे दुप्पट झाले तर पत्र्यांबरोबर वाशेही बदलून होतील.

चार तारखेला पहाटे पाचला मतमोजणी केंद्रावर हजर. मी मतमोजणी सहायक. फाटकावर मोबाइल जमा करून घेतात आणि नंबराचा बिल्ला देतात. फोन देताना हातातलं बाळ कुणाकडे सोपवतेय असं वाटलं. स्टॉप-लॉस, म्हणजे भाव ठरावीक आकड्याखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर, लावला नव्हता. सोमवारी बाजार बंद होताना अकराशे रुपये नफा दिसत होता, तर कशाला लावायचा, असं म्हटलं.

साडेआठला यंत्रांची मोजणी सुरू झाली. कंट्रोल युनिट टेबलावर येतं, सील आणि नंबर तपासायचे, जाळीपलीकडच्या प्रतिनिधींना दाखवायचे, रिझल्टचं बटण दाबायचं. मग एकेका उमेदवाराचा आकडा पडद्यावर येतो, तो वाचायचा, लिहायचा. प्रतिनिधीही आपापल्या कागदावर लिहीत असतात. सव्वानऊला बाजार उघडला असेल, हे भिंतीवरच्या घड्याळात बघून कळलं. एवढंच.

साडेअकराच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. पिंपाशी एक पोलीस दुसऱ्याला सांगत होता, ‘देशात अटीतटीचं चाललंय. शेअर बाजार आपटलाय म्हणं.’

मी ग्लास भरला आणि तसाच ठेवला. फाटक पन्नास पावलांवर. पण फेरी संपल्याशिवाय टेबल सोडता येत नाही, आणि फोन तर काम संपल्याशिवाय मिळत नाही. कुणाला सांगायचं? साहेबांना? की माझे कॉल विकायचेत, दोन मिनिटं सोडा? परत येऊन खुर्चीत बसले. पुढचं यंत्र आलं. सील दाखवलं, बटण दाबलं. पडद्यावर ३४१ आलं आणि मी ३१४ लिहिलं. पर्यवेक्षकांच्या लक्षात आलं, त्यांनी हलक्या आवाजात म्हटलं, ‘मॅडम, परत बघा.’ एकवीस वर्षांच्या नोकरीत आकडा लिहिताना माझा हात कधी चुकला नव्हता. इतरांना काय वाटायचं ते वाटो, त्या दिवसातली मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट ती आहे. कुणाची तरी मतं होती ती.

फोन संध्याकाळी साडेसहाला मिळाला. निफ्टी १,३७९ अंकांनी खाली बंद झाला होता. माझ्या पोझिशनपुढे लाल अक्षरात उणे ४५,५६०. बिल्ला परत द्यायचा राहिला म्हणून फाटकावरचा शिपाई हाका मारत मागे आला.

उरलेलेही काढले नाहीत. बुधवारी बाजार वर आला, गुरुवारी आणखी आला, मी बघत राहिले. गुरुवारी साडेतीनला मुदत संपली आणि कॉल शून्य झाले. शुक्रवारी, ७ तारखेला, निफ्टी २३,२९० वर बंद झाला, म्हणजे सोमवारच्याही वर. माझ्या वहीतले बँकेचे शेअर, ईटीएफ, सगळे सावरले. त्यांना मुदत नव्हती. हा फरक मला व्याख्या म्हणून पाठ होता.

भिशीचे आठ हप्ते मी पुढे भरत राहिले. दर महिन्याच्या पाच तारखेला चार हजार, हसतमुखाने. तुमच्यातल्या सात-आठजणी त्या भिशीत होत्या. अण्णांना ‘पत्रे दिवाळीनंतर बघू’ म्हणाले. त्यांनी ताडपत्री टाकली आणि एकदाही विचारलं नाही.

बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते, फोन हातात असता तर विकलं असतं. ड्युटीने घात केला. हे मी नवऱ्यालाही सांगितलं आणि त्याने मान्य केलं. पण बुधवारी फोन माझ्याच हातात होता की. गुरुवारीही होता. मग वाटतं, सव्वानऊला, थोडेच गेलेले असताना, कदाचित विकलं असतं. मग पुन्हा वाटतं, नसतं. हा वाद माझा मिटलेला नाही.

आणखी एक, जे मी आजवर लपवलं. सरकारी नोकराने सट्टा करायचा नाही, असं महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये आहे, आणि सारखी सारखी खरेदी-विक्री केली तर तोही सट्टाच धरतात. शेअर घेऊन ठेवायला हरकत नाही. मी ते पान नंतर वाचलं. ऑफिसातल्या मंडळींनी ॲप घेण्याआधी वाचा. कर भरतानाही माझी धावपळ झाली. ऑप्शनमधला तोटा धंद्यातला धरतात, त्यामुळे नेहमीचा साधा फॉर्म चालेना, आयटीआर-३ भरावा लागला, आणि तो मला स्वतःला जमला नाही.

जुलै २०२५ मध्ये सेबीचा अहवाल आला. २०२४-२५ या वर्षात एफ अँड ओ करणाऱ्या व्यक्तींपैकी ९१ टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर. त्यात माझे ४८ हजार आहेत. वाचून बरं वाटलं, हे मी कबूल करते. मग लाज वाटली बरं वाटल्याची.

म्हणजे मी ‘शेअरच्या नादी लागू नका’ म्हणते आहे का? नाही. अण्णांच्या पिढीने तेच म्हटलं आणि सगळं सोन्यात न् पोस्टात ठेवलं. मी आजही पगार झाला की दोन हजार टाकते, त्याच ॲपवर. चुकीचं काही शिकवत नाही मी कुणाला. पण ‘कुठलं ॲप’ म्हणता तेव्हा तुम्हाला यातलं नक्की काय हवं असतं, ते मला ओळखता येत नाही, म्हणून मी गप्प बसते.

ती परवाची, तोंडावर बोललेली, तिला मी काल शेजारी बसवलं. तिचं वय २६. पॅन, आधार, सही, सेल्फी. सेल्फीला तिने केस नीट केले. मग ते पान आलं, उत्पन्नाच्या पुराव्याचं. अपलोडचं बटण मोठं, हिरवं. ‘नंतर करू’ खाली, बारीक अक्षरात. ती म्हणाली, ‘इथे पगाराची स्लिप टाकू ना?’ मी म्हटलं, ‘खालचं दाब.’ तिने माझ्याकडे बघितलं आणि दाबलं.

घरी जाऊन तिने काय केलं, मी विचारलेलं नाही.