उद्यमबागेतला जुना संगणक आणि फ्रीडॉस : माझा अनुभव

२०२३ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाच्या दिवसांत, आमच्या वर्कशॉपमधील व्हीएमसीला, म्हणजे प्रोग्रामप्रमाणे आपोआप धातू कापणाऱ्या यंत्राला, प्रोग्राम पाठवणारा संगणक सुरू होईनासा झाला. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे जे असंख्य लहानमोठे कारखाने आहेत, त्यांतल्याच एका लहान कारखान्यात मी काम करतो. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर यंत्रकाम करून हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी तयार करणे हा आमचा मुख्य धंदा. त्यासाठी वापरली जाणारी व्हीएमसी जुनी असली तरी तिचे स्पिंडल आणि स्लाइड अजून उत्तम आहेत. तिच्या कंट्रोलरची स्मृती मात्र इतकी तुटपुंजी आहे की मोठा प्रोग्राम त्यात एकदम मावत नाही. म्हणून शेजारच्या संगणकाने सीरियल केबलमधून तो थोडाथोडा पाठवत राहायचे आणि यंत्राने तितके तितके कापत जायचे, अशी व्यवस्था पहिल्यापासून होती. तो संगणक एमएस-डॉस ६.२२ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रणालीवर चालत असे. ही आवृत्ती १९९४ सालची असून, स्वतंत्रपणे विकली गेलेली ती शेवटची एमएस-डॉस होय.

हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत होता, त्यामुळे दुखणे काय आहे हे शोधावे लागले नाही. मी डिस्क काढून घरी येळ्ळूरला नेली, आयडीई-यूएसबी जोडणीने माझ्या लिनक्स लॅपटॉपला लावली आणि काहीही उघडून पाहण्याआधी तिची जशीच्या तशी प्रतिमा काढून घेतली. ५४० मेगाबाइटची ती डिस्क वाचायला दोन रात्री लागल्या. शेवटी दोन-चार ठिकाणे सोडून बाकी सारे हाती आले, आणि आमचे सगळे प्रोग्राम व ते पाठवणारे डीएनसी सॉफ्टवेअर सुखरूप निघाले.

आता प्रश्न होता तो हे सॉफ्टवेअर चालवायचे कशावर याचा. ते लिहून देणाऱ्याने धंदा केव्हाच बंद केलेला आहे. हल्लीच्या ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम मुळीच चालत नाहीत. सॉफ्टवेअर सीरियल पोर्टच्या चिपशी थेट, म्हणजे ३एफ८ या पत्त्यावर बोलते, त्यामुळे यूएसबीला लावायचे कन्व्हर्टरही निरुपयोगी. नवीन डीएनसी व्यवस्था बसवून देण्यासाठी मिळालेला दर पाहून मालकांनी तो कागद नुसता घडी करून खिशात घातला. मग मी कायमचा सीरियल पोर्ट आणि जुन्या पद्धतीचे बायोस असलेला एक पेंटियम-४ जुन्या बाजारातून आणला आणि त्यावर फ्रीडॉस १.३, म्हणजे एमएस-डॉसच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, घालायचे ठरवले.

फ्रीडॉसचे नाव मला महाविद्यालयापासून ठाऊक होते, पण त्यामागची हकिगत मी या निमित्तानेच नीट वाचली. पुढच्या विंडोजमध्ये डॉसला स्थान राहणार नाही असा सूर मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये लावला, तेव्हा जिम हॉल हा अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिव्हर फॉल्स येथील विद्यार्थी होता आणि त्याची रोजची कामे डॉसवरच चालत. २९ जून १९९४ रोजी त्याने आपण सर्वांनी मिळून एक मोफत डॉस लिहू या असे जाहीर केले. त्याचे पहिले नाव पीडी-डॉस असे होते. पॅट व्हिलानी यांनी सी भाषेत स्वतः लिहिलेले कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, या कामाला देऊन टाकले, टिम नॉर्मन यांनी टाइप केलेल्या आज्ञा घेणाऱ्या कमांड डॉट कॉमची जागा घेणारा प्रोग्राम लिहिला, आणि बाकीच्या लहानसहान कमांडा ज्याला जी जमेल तशी ज्याने त्याने उचलली. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून रात्री केलेल्या या कामाची १.० आवृत्ती ३ सप्टेंबर २००६ रोजी बाहेर पडली. बारा वर्षे म्हणजे फार झाली असे प्रथम वाटते. पण विंडोजशी सुसंगत प्रणाली लिहिण्यासाठी १९९६ मध्ये फ्रीविन९५ या नावाने जमलेली मंडळी बराच काळ आराखड्याच्या चर्चेतच अडकली, १९९८ मध्ये रिअॅक्टओएस हे नवे नाव घेऊन त्यांनी पुन्हा आरंभ केला, आणि ते काम अद्याप अल्फा, म्हणजे प्राथमिक चाचणीच्या, अवस्थेतच आहे. माझ्या मते यात कोणाच्या कर्तबगारीचा प्रश्न नाही. डॉसचे काम मुळात आटोपशीर होते आणि मूळ मालकाने ते वाढवणे थांबवलेले होते. विंडोज मात्र दर काही वर्षांनी पुढे सरकत राहिली.

सुसंगत म्हणजे नेमके काय, हे आमच्या व्हीएमसीवर काम करणाऱ्या मामांना समजावताना मला एक उपमा सापडली. मामा खानापूरहून रोज येतात आणि बँक, कचेरी, उतारा ही कामे त्यांच्या अंगवळणी पडलेली आहेत. त्यांना म्हटले, डॉस म्हणजे खिडक्यांची एक कचेरी समजा. प्रोग्रामला फाइल उघडायची असेल तर तो २१एच या दारातून आत येऊन ३डी क्रमांकाच्या खिडकीवर अर्ज देतो, वाचायची असेल तर ३एफ क्रमांकाच्या खिडकीवर. आतला कारकून बदलला, फलकावरची लिपीही बदलली, तरी त्याच क्रमांकाच्या खिडकीवर तोच कागद तशाच रीतीने मिळाला, तर अर्जदाराला काही कळण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्टचे कोड न पाहता, खिडकीबाहेर उभे राहून काय दिले की काय मिळते एवढेच टिपत फ्रीडॉसच्या लोकांनी आतली सगळी कचेरी नव्याने लिहिली. त्यात ज्यांचा पुस्तकात उल्लेखच नाही अशाही खिडक्या होत्या, कारण लोकांचे प्रोग्राम त्याही वापरत असत. राल्फ ब्राउन यांनी संकलित केलेली इंटरप्टांची, म्हणजे अशा दारांची आणि खिडक्यांची, प्रचंड यादी अशा शोधांना फार उपयोगी पडते. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “ते असू दे हो साहेब, मी सकाळी येऊन तेच टाइप करायचं न्हवं?” मी हो म्हणालो खरा, पण त्यानंतरचे चार दिवस ते ‘हो’ माझ्या मानगुटीवर बसले.

प्रणाली बसवण्यात काही विशेष घडले नाही. एफडिस्कने विभाग पाडला, फॉरमॅट केला, इंस्टॉलरने अर्ध्या तासात आपले काम आटोपले. सुरुवातीला येणाऱ्या यादीतला चौथा पर्याय, म्हणजे कोणतेही ड्रायव्हर न घेता चालू होण्याचा, मी मुद्दाम निवडला. सीरियलचे काम प्रोग्राम स्वतःच करणार असल्याने मध्ये कोणी नसलेलेच बरे. मग डीएनसी असे टाइप करून एंटर दाबले आणि पडद्यावर एकच ओळ उमटली : रनटाइम एरर २००, डिव्हिजन बाय झीरो.

इथे माझ्या हातून जी चूक झाली ती सांगितलीच पाहिजे. जुन्या संगणकावर हाच प्रोग्राम पंचवीसेक वर्षे चालला, आणि आता फ्रीडॉसवर चालत नाही, तेव्हा दोष फ्रीडॉसचाच, असा मी सरळ हिशेब केला. त्या रात्री मी या प्रकल्पात काम करणाऱ्या एका स्वयंसेवकाला बरेच लांबलचक पत्र लिहिले, आणि त्यात तुमची प्रणाली सुसंगत नाही असे वाक्यही होते. दुसऱ्या दिवशी आलेले उत्तर दोन ओळींचे होते. प्रोग्राम टर्बो पास्कल या प्रोग्राम लिहिण्याच्या जुन्या साधनात लिहिलेला आहे काय, आणि त्याच नव्या यंत्रावर मूळ एमएस-डॉस चालू करून तीच चाचणी घेतली आहे काय, एवढे दोनच प्रश्न त्यात होते.

मी घेतली नव्हती. एकाच वेळी यंत्रही बदलले होते आणि प्रणालीही, आणि दोहोंपैकी दोष मात्र मी एकीलाच दिला होता. यंत्रशाळेत आम्ही एखाद्या भोकाचे माप चुकले तर आधी टूल बदलतो किंवा आधी ऑफसेट पाहतो, दोन्ही एकदम कधी हलवत नाही. ही शिस्त संगणकापुढे बसल्यावर मी कशी विसरलो याचे मला आजही नवल वाटते. कपाटात एमएस-डॉस ६.२२ ची मूळ फ्लॉपी होती. तिने पेंटियम-४ चालू केला. ६.२२ ला फॅट-३२ पद्धतीचा विभाग वाचता येत नसल्याने सी ड्राइव्ह तिला दिसेना, म्हणून डीएनसी प्रोग्राम दुसऱ्या फ्लॉपीवर घेऊन तिथून चालवला. पडद्यावर तीच ओळ आली : रनटाइम एरर २००. मूळ प्रणालीवर जे बिघडते ते तिच्या जागी आलेल्या प्रणालीवरही तसेच बिघडले पाहिजे. फ्रीडॉस सुसंगत होती ती इतकी.

कारण समजले तेव्हा हसू आले. टर्बो पास्कलच्या सातव्या आवृत्तीतील सीआरटी या भागाला ‘इतके मिलिसेकंद थांब’ ही आज्ञा पाळता यावी म्हणून, प्रोग्राम सुरू होतानाच तो घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामा लूप किती वेळा फिरतो हे मोजतो आणि त्या संख्येला ५५ ने भागतो. येणारे उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंत, मावले पाहिजे. त्या काळच्या प्रोसेसरवर ते आरामात मावे. वेगवान प्रोसेसरवर लूप इतके फिरतात की उत्तर त्या मापात बसत नाही, प्रोसेसर भागाकार नाकारतो आणि प्रोग्राम त्याला शून्याने भागाकार असे नाव देऊन बाहेर पडतो. प्रत्यक्षात शून्याचा तिथे काही संबंध नसतो. माझ्या यंत्राचा गुन्हा एवढाच की ते वेगवान होते.

या दोषावर प्रोग्रामच्या फाइलमध्येच बदल करणारी छोटी साधने जुन्या काळीच लोकांनी लिहून ठेवलेली आहेत. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून मी त्यांतले एक वापरले, आणि डीएनसीची ओळखीची निळी चौकट पडद्यावर आली. आमचे इलेक्ट्रिशियन अण्णा, ज्यांच्याशी माझे निम्मे कन्नड आणि निम्मे मराठी चालते, मागे उभे होते. ते “आय्तु बिड्री” (झालं, सोडा आता) म्हणाले आणि चहाला निघाले. पण काम झालेले नव्हते.

प्रोग्राम पाठवला की यंत्र पहिली ओळ गाळून दुसरीपासून सुरू करत होते. बॉड रेट ९६००, सात बिट, सम पॅरिटी, सगळे बरोबर होते. मधले बाइट गळत असते तर गोंधळ कुठेही झाला असता, हा मात्र दरवेळी सुरुवातीलाच होत होता. प्रोग्रामच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह जाते, जे पंच केलेल्या कागदी पट्टीच्या जमान्यापासून चालत आलेले आहे, आणि त्यानंतर कंट्रोलरला तयार होण्यासाठी ५०० मिलिसेकंद थांबायचे असे सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेले होते. मी वापरलेली दुरुस्ती मोठे उत्तर कापून ६५,५३५ वर आणत होती. साहजिकच लूप कमी फिरत आणि ५०० मिलिसेकंदांची विश्रांती प्रत्यक्षात फारच लवकर संपे. सेटिंगमधला आकडा वाढवत वाढवत ४००० वर नेला, तेव्हा पहिली ओळ जागेवर आली. यंत्राने पाठवलेला एक्सऑफ संकेत मिळताच संगणक थांबतो आणि एक्सऑन मिळताच पुढे चालू लागतो, हेही मी एका लांब प्रोग्रामवर, समोर घड्याळ ठेवून, पाऊण तास पाहिले.

तरी लगेच कास्टिंग लावले नाही. झेड अक्ष शंभर मिलिमीटर वर घेऊन आधी सिंगल ब्लॉकमध्ये, मग सलग, अशी हवेतच ड्राय रन घेतली. त्यानंतर एका बाद कास्टिंगवर पूर्ण बॉडी कापली आणि स्पूलच्या बोअरचे माप बोअर गेजने तीन ठिकाणी घेतले. माप मर्यादेत होते.

सोमवारी सकाळी मामा आले. जुन्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली, तेलाने पिवळी पडलेली चिठ्ठी, जिच्यावर वरच्या ओळीत मराठीत आणि खालच्या ओळीत कन्नडमध्ये चालू करण्याची रीत लिहिलेली आहे, ती मी तशीच सोडवून नव्या मॉनिटरला चिकटवली होती, कारण तिच्यातला एकही शब्द बदलावा लागला नव्हता. मामांनी डीएनसी टाइप केले, प्रोग्रामचा क्रमांक निवडला, सायकल स्टार्ट दाबले आणि कूलंट नीट पडतो आहे ना हे पाहायला वाकले. जेवणाच्या सुट्टीत ते एवढेच म्हणाले, “अक्षरं जरा मोठी दिसालीत की हो.”

त्याच संध्याकाळी मी त्या स्वयंसेवकाला दुसरे पत्र लिहिले. मूळ प्रणालीवरही तोच दोष आला, दोष प्रोग्रामचा होता, आणि माझ्या पहिल्या पत्रातले ते वाक्य मी मागे घेतो, इतकाच मजकूर त्यात होता. सोबत सेटिंगमधल्या ४००० या आकड्याची नोंद जोडली, न जाणो आणखी कोणाच्या यंत्राची पहिली ओळ अशीच गळत असेल. त्यानंतर आम्ही तसाच दुसरा पेंटियम-४ आणून त्यावर सगळ्याची प्रत करून ठेवली आहे. तो मालकांच्या केबिनमध्ये, पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशा फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी तो एकदा चालू करून पाहतो.