चोवीस वेळा टाकी फुल: ठाण्यात सात आसनी गाडी खरोखर किती देते

गाडीच्या मायलेजच्या १ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू केलेल्या नोंदींना ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी एक वर्ष पूर्ण झाले. या वर्षात टाकी चोवीस वेळा फुल केली, एकूण ७८६ लिटर पेट्रोल भरले आणि गाडी ११,२१४ किलोमीटर चालली. भागाकार केला की लिटरला १४.२७ किलोमीटर येतात. गाडी २०२२ सालची मारुती सुझुकी अर्टिगा आहे, १.५ लिटर पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअर असलेली. याच गाडीचा एआरएआयचा, म्हणजे वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा, आकडा लिटरला २०.५१ किलोमीटर आहे. म्हणजे माझा वर्षाचा आकडा त्यापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी भरतो.

वर्षभराच्या सरासरीला मात्र मी आता फारसे महत्त्व देत नाही. या चोवीस नोंदींपैकी सर्वांत वाईट नोंद १०.३ ची आहे आणि सर्वांत चांगली १९.६ ची. गाडी तीच, चालक तोच, पेट्रोल पंपही तोच. एकाच गाडीत इतका फरक पडत असेल, तर ‘अर्टिगा किती देते’ या प्रश्नाचे उत्तर गाडीपेक्षा रस्त्यात अधिक दडलेले असणार. वर्षभराच्या नोंदींनंतर माझे मत असे झाले आहे की, आपल्यासारख्या कुटुंबवाल्यांनी मायलेजच्या शेजारी सरासरी वेगाचा रकाना ठेवल्याशिवाय कोणताही आकडा कोणाला सांगू नये.

मोजण्याची पद्धत आधी स्पष्ट करतो, कारण पद्धत सारखी नसेल तर तुमच्या आणि माझ्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. घोडबंदर रस्त्यावरील एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने आणि सकाळच्या वेळी मी पेट्रोल भरतो. पहिला ऑटो कट झाला, म्हणजे टाकी भरत आल्यावर नोझल आपोआप बंद झाले, की तिथेच थांबायचे, हा नियम आहे. “साहेब, साडेतीन हजार करू का?” असे दर वेळी विचारले जाते आणि दर वेळी मी नको म्हणतो, कारण रक्कम पूर्ण करण्यासाठी वरून घातलेले अर्धा लिटर पेट्रोल पुढच्या नोंदीचा हिशेब बिघडवते. एवढे करूनही ऑटो कट कधी लवकर होतो, कधी उशिरा. तीस-पस्तीस लिटरच्या भरण्यात अर्ध्या लिटरची चूक म्हणजे दीड टक्का, पण पंधरा लिटरच्या भरण्यात तीच चूक तीन टक्क्यांहून अधिक होते. ओडोमीटरही तपासला: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील किलोमीटरच्या फलकांनुसार पन्नास किलोमीटर झाले, तेव्हा त्याने ५०.६ दाखवले. डॅशबोर्डवरील मायलेजचा आकडा मात्र नेहमी सात टक्क्यांच्या आसपास उदार असतो, त्यामुळे मी तो लिहून ठेवतो, पण त्यावर विसंबत नाही.

या नोंदी ज्या वहीत आहेत, ती बाबांची आहे. जाड पुठ्ठ्याच्या या वहीत ते २०२२ पासून तारीख, किलोमीटर, लिटर आणि रुपये असे चार रकाने आखून नोंदी ठेवत होते. मी त्यात तास आणि माणसे हे दोन रकाने वाढवले. तासांसाठी गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे इंजिनाची माहिती वाचण्याच्या जोडणीत, एक छोटे उपकरण लावले आहे. इंजिन किती वेळ चालले, त्यापैकी गाडी किती वेळ जागेवर उभी होती आणि उभ्या गाडीत ताशी किती पेट्रोल जळत होते, हे त्यावरून फोनवर कळते. सुरुवातीला बाबांना तासांचा रकाना निरर्थक वाटला होता. आता घरी पोहोचताच “आज किती मिनिटे उभी होती?” हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

कामाच्या फेऱ्यांनी या वहीला सर्वांत अधिक शिकवले. आठवड्यातून तीन दिवस आम्ही चौघेजण एकत्र कासारवडवलीहून ऐरोलीला जातो. माजिवड्यापर्यंतचा रस्ता एकच आहे. पुढे एक मार्ग कळवा, विटावा आणि दिघा असा जातो, तर दुसरा पूर्व द्रुतगती महामार्गाने आनंदनगरपर्यंत जाऊन ऐरोली पुलावरून उतरतो. माझ्या घरापासून पहिला मार्ग १९ किलोमीटरचा आहे आणि दुसरा साडेवीस किलोमीटरचा. कित्येक वर्षे मी कळव्याच्याच मार्गाने जात होतो. एक तर तो जवळचा, आणि दुसऱ्या मार्गावर टोलनाक्यांवर रांग लागत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, रांगेचे कारण उरले नाही, तरी सवयीने मी कळव्यालाच वळत राहिलो. जवळचा रस्ता म्हणजे कमी पेट्रोल, हे इतके उघड वाटत होते की ते तपासावे असे कधी मनातच आले नाही.

या वर्षी तीन टाक्या फक्त कळव्याच्या मार्गाने आणि तीन टाक्या फक्त ऐरोली पुलाच्या मार्गाने चालवल्या. कळव्याच्या मार्गावर सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर होता आणि मायलेज १०.८, तर पुलाच्या मार्गावर सरासरी वेग ताशी २२ किलोमीटर आणि मायलेज १३.१. एका फेरीचा हिशेब केला तर १९ किलोमीटरच्या रस्त्याला १.७६ लिटर पेट्रोल लागते आणि साडेवीस किलोमीटरच्या रस्त्याला १.५६ लिटर. दीड किलोमीटर अधिक चालूनही दर फेरीला सुमारे दोनशे मिलिलिटर पेट्रोल वाचते आणि वीस मिनिटेही वाचतात.

असे का होते, हे तासांच्या रकान्याने उलगडले. एसी बंद असताना उभ्या गाडीचे इंजिन ताशी ०.७ लिटर पेट्रोल जाळते आणि एसी चालू असताना १.१ लिटर. कळव्याच्या मार्गावरील ७६ मिनिटांपैकी सरासरी ३५ मिनिटे गाडी जागेवर उभी असते. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचले, तर हा आकडा पन्नासच्याही पुढे जातो. ३५ मिनिटांत सुमारे ०.६४ लिटर पेट्रोल जळते. म्हणजे त्या फेरीतील एक तृतीयांशाहून अधिक पेट्रोल गाडीला एक मीटरही पुढे न नेता संपते. पुलाच्या मार्गावर उभे राहण्याची वेळ १७ मिनिटांच्या आसपास असते. गाडी थांबताच इंजिन बंद करणारी यंत्रणा अर्टिगात आहे, पण उन्हाळ्यात दुसऱ्या रांगेचा छतावरचा ब्लोअर चालू असताना एसीच्या मागणीमुळे इंजिन फारसे बंद होत नाही. १०.३ ची नोंद मे महिन्यातील आहे, यात आश्चर्य नाही.

एआरएआयच्या आकड्याविषयी इथेच लिहितो, कारण त्याच्यावर बनवाबनवीचा आरोप सर्रास केला जातो आणि तो मला अन्यायाचा वाटतो. ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून आणि ठरलेल्या चक्रानुसार होते. त्या चक्राचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि सुमारे वीस मिनिटांत साधारण साडेदहा किलोमीटर अंतर धरले जाते, म्हणजे सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटर पडतो. घोडबंदर रस्त्यावर सकाळी नऊ वाजता ताशी ३२ किलोमीटरची सरासरी कोणाला मिळत असेल, तर त्याने मला जरूर कळवावे. दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी तो आकडा उपयोगी आहे आणि मी तेवढ्यापुरताच तो वापरतो.

महामार्गावर नेमके उलटे घडते. तिथे उभे राहण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे सारा हिशेब हवेच्या रोधाकडे जातो. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०५ ने गेल्यास गाडीला ढकलाव्या लागणाऱ्या हवेचा जोर सुमारे ७२ टक्क्यांनी वाढतो आणि अर्टिगासारख्या उंच, रुंद तोंडाच्या एमपीव्हीला (अनेक आसनी कौटुंबिक गाडीला) तो एखाद्या सेडानपेक्षा अधिक जाणवतो. ऑक्टोबरात नाशिकच्या तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा आमणे ते इगतपुरी हा ५ जून २०२५ रोजी खुला झालेला समृद्धी महामार्गाचा ७६ किलोमीटरचा टप्पा घेतला, जातानाही आणि येतानाही, म्हणजे चढ आणि उतार एकमेकांना फेडतात. दर फेरी घर ते घर ३१० किलोमीटरची. पहिल्या फेरीत मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० चा वेग धरला, तेव्हा १९.६ मिळाले. पुढच्या आठवड्यात, जिथे वेगमर्यादा परवानगी देते तिथे १०५ धरला, तेव्हा १५.९ मिळाले. पहिल्या फेरीला १५.८ लिटर लागले आणि दुसरीला १९.५. समृद्धीच्या टप्प्यावर वेळ वाचला तो एका बाजूला जेमतेम चौदा मिनिटे. नोझलची चूक दोन्ही वेळा माझ्या विरुद्ध धरली, तरी हा फरक पुसला जात नाही.

दोन्ही फेऱ्यांत गाडीत आम्ही दोघेच होतो. तिसरी फेरी दिवाळीत सहा जणांची, सामानासकट, पुन्हा ८० च्या वेगाने केली. आई मागच्या रांगेत फराळाचे डबे मांडीवर घेऊन बसली होती, कारण डिकीत जागाच उरली नव्हती. इतक्या वजनाने मायलेज पार कोसळेल असे मला वाटले होते, पण आकडा १८.७ आला. एका फेरीवरून ठाम विधान करणे योग्य नाही आणि ०.८ लिटरचा हा फरक मोजणीच्या चुकीच्या फार पलीकडचाही नाही. तरी एकसारख्या वेगाने चाललेल्या गाडीला वजन फारसे जड जात नाही, जड जाते ते पुन्हा पुन्हा थांबून उठताना, हे यंत्रशास्त्राशी जुळणारेच आहे. माणसांच्या रकान्याचा खरा उपयोग इथे होतो: दोघांच्या फेरीत प्रत्येकी ७.९ लिटर पडले, सहा जणांच्या फेरीत प्रत्येकी २.८ लिटर. सात आसनी गाडी एकट्याने चालवून तिला खादाड ठरवणाऱ्यांनी हा भागाकार एकदा अवश्य करावा.

दोन चुका माझ्याकडून झाल्या, त्याही नोंदवतो. गणपतीसाठी कोकणात जाताना छतावर कॅरिअर लावला आणि परतल्यावर तो महिनाभर काढलाच नाही. शहरात काही कळले नाही, पण सप्टेंबरातील पुण्याच्या फेरीत ताशी साठच्या वर एक बारीक शीळ सतत ऐकू येत होती आणि घरी येऊन टाकी भरली तेव्हा १६.४ निघाले. फेब्रुवारीत त्याच रस्त्याने, त्याच वेगाने १८.१ मिळाले होते. रिकाम्या कॅरिअरसाठी नऊ टक्के पेट्रोल मोजले. दुसरी चूक हवेच्या दाबाची. एका पंपावरील हवेच्या यंत्रावर विश्वास ठेवून मी निर्धास्त होतो. स्वतःचा गेज आणल्यावर चारही टायरमध्ये दारावरच्या स्टिकरपेक्षा पाच पीएसआय कमी हवा सापडली. तेव्हापासून गेज गाडीतच असतो आणि दर महिन्याला थंड टायरवर दाब तपासतो.

पेट्रोलमधील इथेनॉलमुळे मायलेज घटते का, असे अनेकांनी विचारले आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्या हिशेबाने दहा टक्के मिश्रणावरून वीस टक्क्यांवर गेल्यास लिटरमागची ऊर्जा सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. बाबांच्या जुन्या नोंदींत पुण्याच्या फेऱ्या १८.७ च्या आहेत, माझी फेब्रुवारीची १८.१ ची. घट अपेक्षेइतकीच दिसते, पण ती माझ्या मोजणीच्या चुकीएवढीच लहान असल्यामुळे केवळ या वहीच्या आधारे मी इथेनॉलवर ठपका ठेवणार नाही.

सीएनजीच्या अर्टिगाचा २६.११ हा आकडा किलोला आहे, लिटरला नाही, आणि ही गफलत अजूनही सर्रास होते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो असते. त्यामुळे पेट्रोलच्या गाडीचे २०.५१ किलोच्या भाषेत २७ च्या पुढे जातात. सीएनजीची बचत खरी आहे, पण ती दरातून येते, इंजिनातून नव्हे. शिवाय मागची टाकी तिसऱ्या रांगेमागे उरलेली थोडकी जागाही घेते. इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडचा (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेल्या गाडीचा) २३.२४ हा आकडा मात्र या वहीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ती गाडी अर्टिगापेक्षा बरीच जड असूनही उभी असताना बहुतेक वेळ तिचे इंजिन बंद राहते आणि एसी बॅटरीवर चालतो. माझ्या कळव्याच्या मार्गावरचे ते ०.६४ लिटर तिने बरेचसे वाचवावे. तिची किंमत लक्षात घेता वाचलेल्या पेट्रोलमधून फरक भरून निघायला किती वर्षे लागतील, हा हिशेब ज्याने त्याने आपापल्या धावेवर मांडावा.

पंचविसावी टाकी सध्या चालू आहे. मार्ग ऐरोली पुलाचाच, पण निघण्याची वेळ आठ वाजून पाच मिनिटांऐवजी सव्वासात केली आहे आणि सोबतचे तिघेही तयार झाले आहेत. आतापर्यंतच्या २०५ किलोमीटरमध्ये सरासरी वेग ताशी २९ आहे आणि दर फेरीला उभे राहण्याची वेळ आठ मिनिटांवर आली आहे. डॅशबोर्ड १५.८ दाखवतो. त्यातून सात टक्के वजा करून बाबांनी वहीच्या कडेला पेन्सिलीने १४.७ लिहून ठेवले आहे. टाकी पुन्हा फुल झाली की त्यावर शाईने खरा आकडा येईल.