मिसाइल नाही हो, वॉशर

सोसायटीच्या गणपतीत आरती झाली की प्रसाद घेता घेता कोणीतरी विचारतंच, "तू डिफेन्समधे कॉम्प्युटरचं काहीतरी मोठं बघतेस ना, म्हणजे नक्की काय करतेस गं?" मी हसून "ते नाही सांगता येत" म्हटलं की काकूंना वाटतं मिसाइलची बटणं माझ्याच टेबलावर आहेत. खरं तर गुपित फार थोडं असतं, बाकीचं इतकं रटाळ आहे की मीच सांगत नाही. पण आता तुम्ही विचारलंत म्हणून.

आमची कंपनी सैन्याला लागणारे पार्ट बनवते आणि मी तिथे एंटरप्राइज आर्किटेक्ट, म्हणजे एकत्र कुटुंबातली मोठी सून. तीसेक सॉफ्टवेअरं आहेत, कुठलं पंचवीस वर्षांपूर्वीचं कुठलं कालचं, त्यांनी एकमेकांशी नीट बोलावं आणि भांडण झालं तर कुणाचं खरं मानायचं हे मी ठरवायचं.

एक वॉशर घ्या, साधा, पितळी. डिझाइनवाल्यांकडे त्याला ड्रॉइंग नंबर, परचेसकडे वेगळाच कोड, आणि स्टोअरमधे तो "निळ्या डब्यातला". परचेसने सिस्टिममधे शून्य बघून नवीन ऑर्डर टाकली, इकडे स्टोअरच्या काकांनी रॅकवरून बिन कार्ड काढून दाखवलं, त्यांच्याच अक्षरात, शिल्लक ६४०. सहा महिने माझी टीम फक्त ही नावं जुळवत होती. सैन्यात हा प्रश्न कधीच सोडवलाय हो, तिथे वस्तूला १३ आकडी नंबर असतो, पहिले चार कुठल्या वर्गातली वस्तू ते सांगतात, पुढचे दोन देशाचे (भारताचे ७२) आणि उरलेले सात त्या वस्तूचे. आम्हीही शेवटी त्यालाच धरून बसलो.

बँकेतली नोकरी सोडून आमच्या टीममधे आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, मॅडम सगळं क्लाउडवर का नाही टाकत, आणि टोगाफ, म्हणजे आर्किटेक्टने काम कसं करायचं त्याची ठरलेली पद्धत, मलाच शिकवायला लागतात. अरे बाबा, ते टोगाफ १९९५ ला निघालं तेच अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कामावरून! आमचं डिझाइनचं नेटवर्क बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलंच नाही, फोनसुद्धा गेटवर लॉकरमधे ठेवून आत जायचं. मधे एक सेल्सवाला तासभर छान डेमो देत होता, शेवटी म्हणाला लायसन्स दर ३० दिवसांनी ऑनलाइन चेक होतं, मी वही मिटली आणि चहा मागवला.

पण खरी डोकेदुखी वयाची आहे. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ ला आलं आणि २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झालं, ६२ वर्षं, त्यातली कितीतरी विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनलेली. एवढ्या काळात एखादं सॉफ्टवेअर टिकलेलं बघितलंय का तुम्ही? सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी तरी? म्हणून मी काही घ्यायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारते की यातून आमचा डेटा बाहेर कसा निघेल, आणि समोरचा गडबडतो, त्याला वाटतं मी घ्यायच्या आधीच घटस्फोट मागतेय. मागतेच आहे.

कारण हे आधी कोणी विचारलं नव्हतं त्याचा पुरावा आमच्या एका खोलीत आहे. तिथे एक पिवळट पडलेला पीसी आहे, काही जुनी ड्रॉइंग फक्त त्याच्यावरच उघडतात कारण ते सॉफ्टवेअर बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले. एकेक ड्रॉइंग उघडून नव्या फॉरमॅटमधे नेऊन, डिझाइनवाल्यांकडून तपासून घ्यायचं काम चालू आहे, निम्मंही झालेलं नाही. खंडेनवमीला मशीनांबरोबर त्याचीही पूजा होते, झेंडूचा हार बिर सगळं. मागच्या वर्षी स्टोअरचे काका तांब्या घेऊन निघाले तेव्हा मी धावत जाऊन म्हटलं, काका, हळदकुंकू वाहा, पाणी तेवढं शिंपडू नका.