आमची वाटचाल : दोन सारख्या बॉड्या आणि एक वही

आमच्या स्टुडिओत आम्ही चौघंच. मी, माझा भागीदार आणि दोन तरुण सहकारी. काम मुख्यतः दोन प्रकारचं : कॅटलॉगसाठी वस्तूंचे फोटो आणि रंगमंचावरचे कार्यक्रम. नवा क्लायंट आला की भिंतीवरचे फोटो बघतो, मान डोलावतो आणि मग हमखास विचारतो, "कॅमेरा कुठला वापरता?" निकॉन डी-750 म्हटलं की जाणकाराचा चेहरा किंचित पडतो. हे मॉडेल 2014 सालचं. आमच्याकडे असे दोन आहेत, आणि या दोन सारख्या बॉड्यांनी धंद्याला जेवढं स्वास्थ्य दिलं, तेवढं दुसऱ्या कुठल्याच खरेदीने दिलं नाही.

सारखेपणाचा फायदा बाहेरच्याला पटकन दिसत नाही. बॅटऱ्या त्याच, चार्जर तोच, कार्डं तीच. बटणं त्याच जागी, त्यामुळे काळोख्या प्रेक्षागृहातही बोट आपोआप योग्य ठिकाणी जातं. दोघांनी दोन कोपऱ्यांतून एकच नाटक टिपलं तरी चेहऱ्यांचा रंग जुळतो, आणि एडिटिंगला बसणाऱ्याची रात्र वाचते. एक बॉडी आजारी पडली तर दुसरी तिच्या जागी जशीच्या तशी उभी राहते.

2018 साली मात्र बाजार ढवळून निघाला. सोनीचा ए-7 मार्क थ्री आला, मग निकॉनचे झेड-6 आणि झेड-7, पाठोपाठ कॅनॉनचा ईओएस आर. कॅमेऱ्यातला, डोळ्यापर्यंत चित्र पोचवणारा आरसा गेला, व्ह्यूफाइंडरमध्ये उजेड-अंधार आधीच दिसू लागला, सोनी तर डोळा हेरून फोकस धरत होता. धाकटा सहकारी रोज नवा व्हिडिओ दाखवायचा. "दादा, आपण मागे पडतोय." भागीदारही त्याच्याकडे झुकलेला. वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण दोघंही खरंच बोलत होते : नवे कॅमेरे चांगलेच होते. मी एवढंच विचारलं, की आपलं नेमकं कुठलं काम अडलंय? कुणालाच चटकन सांगता येईना.

म्हणून एक वही घातली. काम अडलं की त्यात लिहायचं : तारीख, काय अडलं, आणि त्या दिवशी वेळ कशी मारून नेली. "कॅमेरा जुना आहे" एवढंच लिहून सुटका नाही. जुना असल्यामुळे काय झालं नाही, ते लिहायचं.

वर्षभराने वही उघडली तेव्हा भागीदारालाच हसू आलं. स्टँड डगमगतो. फ्लॅशचा ट्रिगर मध्येच गप्प बसतो. बॅकग्राउंडच्या कापडाला सुरकुत्या. लांब केबल नाही. मरून रंगाचं कापड फोटोत तपकिरी दिसतं. स्टीलच्या भांड्यात फोटोग्राफरच दिसतो. पानंच्या पानं अशी. कॅमेऱ्याच्या नावावरच्या नोंदी मोजक्याच, त्याही बहुतेक एकाच गोष्टीवर, तिच्याकडे पुढे येतो.

मरूनचं प्रकरण सांगण्यासारखं आहे. कॅमेरा बदलला की रंग सुधारतील, असं आम्हाला सगळेच सांगत. पण दोष दिव्यांत होता. स्वस्त एलईडी डोळ्याला पांढरे दिसले तरी त्यांच्या प्रकाशात लालाचा गडद भाग कमी असतो. जे प्रकाशात नाही, ते कापड परत फेकणार कुठून आणि सेन्सर टिपणार कुठून? सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात, याचा शंभरपैकी आकडा) 95 च्या वरचे दिवे आणले, मॉनिटर कॅलिब्रेट करायचं छोटं यंत्र घेतलं, प्रत्येक सेटच्या पहिल्या फोटोत ग्रे कार्ड (रंग जुळवायला आधार म्हणून राखाडी कार्ड) धरायची सवय लावली. त्यानंतर कापडवाल्या क्लायंटकडून रंगाची तक्रार आलेली नाही.

काचेच्या बाटलीने तर आम्हाला अक्षरशः कामाला लावलं. पारदर्शक काच, पांढरी पार्श्वभूमी, आणि कडा हवेत विरून गेलेल्या. लेन्स बदलून बघितली, काही फरक नाही. मग समोरचे दिवे बंद करून बाटलीच्या मागे पांढरं कापड ताणलं आणि फक्त तेच मागून उजळवलं. बाटलीच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या लावल्या. काचेची कड प्रकाश वळवते, त्यामुळे कडेपाशी मागचं पांढरं न दिसता बाजूचं काळं दिसतं, आणि बाटलीला पेन्सिलीने काढल्यासारखी बारीक काळी रेघ येते. पट्टी बोटभर आत सरकवली की रेघ जाड, बाहेर नेली की बारीक. धाकट्याने त्या दिवशी पट्ट्या सरकवण्यातच दुपार घालवली. पुठ्ठा कुठल्याशा खोक्याचा होता. व्हिडिओ दाखवणं त्याने बंद केलं नाही, पण हल्ली ते बरेचसे लायटिंगचे असतात.

मेगापिक्सेलचा विषय आम्ही गणितावर सोडतो. आमचा फोटो 6016 गुणिले 4016 पिक्सेलचा, म्हणजे सुमारे 2 कोटी 40 लाख, अर्थात 24 मेगापिक्सेल. ए-4 पान 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, छापायला लागतात 3508 गुणिले 2480, म्हणजे 87 लाख. एका क्लायंटला वीस फूट रुंद फलक करायचा होता आणि त्यासाठी 45 मेगापिक्सेलचाच कॅमेरा हवा, असा त्यांचा आग्रह. वीस फूट म्हणजे 240 इंच. आमच्या फोटोतून इंचाला 25 पिक्सेल मिळतात. रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला तेवढे भरपूर, हे कागदावर पटेना, म्हणून फलकाचा एक तुकडा त्याच मापात छापून त्यांच्याच आवाराच्या टोकाला टांगला. काम मिळालं. जिथे फोटो खूप कापावा लागतो तिथे जास्त पिक्सेल लागतात, यात वाद नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याने आमचं गणित वापरू नये.

लेन्सबद्दल थोडक्यात. जुन्या फोटोंच्या फाइलींत आपोआप साठलेल्या लेन्सच्या नोंदी काढल्या तर निम्म्याहून जास्त काम 85 एमएम आणि अगदी जवळून टिपणाऱ्या 60 एमएम मॅक्रोवर झालेलं. बाकीच्यांपैकी दोन लेन्स विकल्या, कपाटात जागा झाली, कुणी चुकूनही आठवण काढली नाही. अशा वेळी लोक फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आणि त्याच्या 50 एमएमचा दाखला देतात. द्यावा, पण त्याला शेवटच्या रांगेत उभं राहून गायिकेचा चेहरा टिपायचा नव्हता. आम्हाला लांबचं जवळ आणणारी 70-200 लागते आणि ती आम्ही ठेवली आहे.

आता ती कॅमेऱ्याच्या नावावरची नोंद : आवाज. संथ आलाप चालू असताना डी-750 च्या आरशाचा 'खटॅक' तीन रांगांपर्यंत ऐकू जातो. एका आयोजकांनी शांत प्रसंगात फोटो काढायलाच मनाई केली होती. हे अडलेलं काम आमच्या कुठल्याही कौशल्याने सुटणारं नव्हतं. झेड-6 भाड्याने आणला. त्याच्या इलेक्ट्रॉनिक शटरला आवाज शून्य. पण कार्डाचा खाचा एकच. पुन्हा न होणाऱ्या प्रयोगात दोन कार्डांवर एकदम नोंद झालेली बरी, म्हणून विकत न घेता भाड्यावरच भागवलं. 2020 साली झेड-6 टू दोन खाच्यांसह आला. प्रयोग पुन्हा नियमित सुरू झाले, वहीत तीच नोंद पुन्हा पुन्हा येऊ लागली, तेव्हा तो घेतला. त्या खरेदीवर चौघांत कुणाचंच दुमत नव्हतं.

त्याचीही एक खोड आहे. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरची एकेक ओळ वाचत खाली येतं, तेवढ्यात लुकलुकणारा एलईडी उजळतो-मंदावतो आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. म्हणून पडदा उघडण्याआधी आम्ही प्रकाशयोजनाकाराला गाठतो, दोन-चार दिव्यांवर शटरस्पीड बदलून बघतो, आणि पट्टे हटत नसतील तर त्या प्रवेशापुरतं आवाज करणारं मेकॅनिकल शटर वापरतो. टाळ्या पडेपर्यंत थांबायचं, मग दाबायचं.

डी-750 चं शटर दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. आमची एक बॉडी त्या आकड्याच्या जवळ आली आहे, आणि तिचं शटर गेलं की दुरुस्त करायचं की नाही यावर भागीदाराचं नि माझं एकमत नाही. तो म्हणतो, दुसरा झेड-6 टू घेऊ, पुन्हा जोडी होईल. सारखेपणाचा माझाच मुद्दा तो माझ्यावर उलटवतो, त्यामुळे मला फार बोलता येत नाही. जुना 60 एमएम मॅक्रो एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणारा भाग) बसतो, पण ती एएफ-डी, म्हणजे स्वतःची फोकसची मोटर नसलेली, लेन्स असल्याने ऑटोफोकस चालत नाही. मॅक्रोचा फोकस आम्ही नाहीतरी हातानेच लावतो, तेव्हा हीही हरकत टिकत नाही. तूर्त शटर चालू आहे, आणि वहीत गेल्या महिन्यातली एकमेव नोंद प्रकाश मऊ करणाऱ्या सॉफ्टबॉक्सच्या तुटलेल्या काडीची आहे.