मार्टिनो लेनवरचं कागदांचं घर

नॉरिच स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा झिमझिम पाऊस लागला होता. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून इथवर साधारण दोन तास लागतात. इप्सविच मागे पडलं की दोन्ही बाजूंना सपाट शेतं सुरू होतात आणि क्षितिजावर एकामागून एक चर्चचे मनोरे उगवत राहतात. भाची छत्री घेऊन न्यायला आली होती. ती इथल्या विद्यापीठात शिकते. पुलावरून वेन्सम नदी ओलांडताना तिने विचारलं, "मामा, उद्यासाठी ब्रॉड्सवर बोट सांगून ठेवू? का आजच जायचं?"

ब्रॉड्स म्हणजे मध्ययुगात जळणासाठी पीट खणून जे खड्डे झाले, त्यांत पाणी भरून तयार झालेले तलाव. बघण्यासारखेच आहेत. पण मी म्हटलं, "बोट उद्या. आज मला रेकॉर्ड ऑफिस बघायचंय."

"सुट्टीत येऊन कागद बघणार तू?"

तिला आमच्या माळ्यावरच्या पेटीची गोष्ट ठाऊक नव्हती. चालता चालता सांगितली.

माझे आजोबा वाईजवळच्या एका गावचे कुलकर्णी. १९५० च्या कायद्याने वतनं गेली, पण दफ्तर घरातच राहिलं. चार रुमाल. आपल्याकडे जुने कागद कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. मोडीतले जमाखर्च, पाहणीचे तक्ते, कोणाच्या बैलाने कोणाचं पीक खाल्लं त्याचे करार, सगळं त्यात होतं. २००५ च्या जुलैत पाऊस कोसळला, कौलं सरकली, आणि माळ्यावर काय झालं ते दिवाळीत साफसफाई काढेपर्यंत कोणालाच कळलं नाही. पेटी उघडली तेव्हा तीन रुमाल फुगून एकजीव झाले होते. काजळीची शाई डिंकात घोटलेली असते. ती ऊन-वारा शंभर वर्षं सोसते, पण पाण्यापुढे टिकत नाही. अक्षरं विरघळून कागदावर राखाडी ढग उरले होते. वडिलांनी तो लगदा उन्हात ठेवला, पण त्यातून एक ओळही परत आली नाही. त्यानंतर मी मोडी शिकलो, उरलेल्या एका रुमालासाठी.

म्हणून नॉरिच. कारण इथल्या कागदांवरही एकदा हीच वेळ आली होती, आणि त्यातून इथल्या लोकांनी घर बांधलं.

आधी आम्ही फोरममध्ये गेलो. बाजाराच्या रंगीबेरंगी पट्ट्यांच्या छपरांपासून दोन मिनिटांवर काचेची भली मोठी इमारत आहे. समोर सेंट पीटर मॅनक्रॉफ्टचं पंधराव्या शतकातलं चर्च, आणि ते काचेत पूर्ण उमटतं. आत ग्रंथालय, कॉफी, मुलांचा गलका. याच जागेवर पूर्वी शहराचं मध्यवर्ती ग्रंथालय होतं. १ ऑगस्ट १९९४ च्या सकाळी ते पेटलं. लाखाहून जास्त पुस्तकं गेली. दुसऱ्या महायुद्धात इथल्या विमानतळांवरून उडून परत न आलेल्या अमेरिकन वैमानिकांच्या स्मरणार्थ उभारलेलं ग्रंथालयही त्यातच जळालं. २००१ मध्ये फोरम उघडलं, तेव्हा ते स्मारक ग्रंथालय पुन्हा आत आणलं गेलं.

त्याच इमारतीच्या तळघरात नॉरफोक काउंटीचं अभिलेखागार होतं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा. वर आग चालू असताना खाली शहराच्या सनदा, बिशपच्या कचेरीतली मृत्युपत्रं, गावोगावच्या जमिनीचे दप्तर. ज्वाळा तळघरापर्यंत पोचल्या नाहीत. पाणी मात्र पोचलं. अग्निशामक दलाने इमारतीवर ओतलेलं पाणी शेवटी खालीच जाणार. कागद जळाले नाहीत, भिजले.

फोरमच्या पायऱ्यांवर मी थोडा वेळ नुसता उभा होतो. भाचीही काही बोलली नाही.

तिथून दक्षिणेकडे ब्रेकनडेलच्या बाजूला काउंटी हॉलची उंच इमारत दिसते. तिच्या आवारातच, मार्टिनो लेनवर, आर्काइव्ह सेंटर आहे. मार्टिनो हे नॉरिचमधलं जुनं नामांकित घराणं. लेखिका हॅरिएट मार्टिनो त्यातलीच. आगीनंतर नऊ वर्षं अभिलेखागार तात्पुरत्या जागेत चाललं. लॉटरीच्या उत्पन्नातून वारशासाठी मिळणारा निधी आणि काउंटीचा पैसा उभा राहिला, आणि २००३ मध्ये ही इमारत सुरू झाली. फेब्रुवारी २००४ मध्ये राणी एलिझाबेथने तिचं औपचारिक उद्घाटन केलं.

नऊ वर्षं फार वाटतात. पण भिजलेले कागद सुकवत असताना, वाचकांना नेहमीसारखी सेवा देत असताना, शेजारी नव्या घराची जुळवाजुळव करायची म्हणजे काय, हे एखादी छोटी संस्था जरी चालवली असेल तरी कळेल. मला ती वर्षं फार वाटली नाहीत.

आत शिरल्यावर कोट, पिशवी, पेन, पाण्याची बाटली, सगळं लॉकरमध्ये. वाचनकक्षात फक्त पेन्सिल, वही आणि फोन. टेबलावर फोमचे उतरते ठोकळे असतात, त्यावर जुनं पुस्तक अर्धंच उघडून टेकवायचं म्हणजे पुठ्ठ्याच्या सांध्यावर ताण येत नाही. पानं दाबून ठेवायला कापडात गुंडाळलेल्या वजनांच्या माळा. हात स्वच्छ धुवायचे. पांढरे हातमोजे घालायचे नाहीत. हातमोज्यात बोटांना स्पर्श कळत नाही आणि पानाची कड फाटते. टीव्हीवर नेहमी उलटंच दाखवतात.

माझी मागणी ठरलेली होती. १५७० साली नॉरिचच्या नगरपालिकेने शहरातल्या गरिबांची शिरगणती केली. घरोघर फिरून. सुमारे २,३०० माणसं, पुरुष, बायका, मुलं. नाव, वय, काय काम येतं, किती दिवस कामाविना आहे, कोणाच्या घरात भाड्याने राहतो, पोरं शाळेत जातात की सूत कातायला बसतात. मूळ वही वारंवार हाताळली जाऊ नये म्हणून मी तिच्या प्रतिमा पाहिल्या. पानामागून पान. त्यात राजा नाही, लढाई नाही. म्हाताऱ्या विधवा आहेत, लंगडे मोलकरी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक बाई सूत कातते आहे.

भाची माझ्या खांद्यावरून बघत होती. "तुला वाचता येतंय हे?"

थोडंथोडं. सोळाव्या शतकातलं ते वळण मोडीसारखंच आधी भिंत होऊन उभं राहतं. 'सी' दिसतो 'आर'सारखा, 'एच'ची शेपटी ओळीखाली लोंबते, 'यू' आणि 'व्ही' एकमेकांच्या जागी येतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द एकमेकांना चिकटलेले, लेखणी उचलायची नाही. दोन्हीकडे युक्ती एकच: ओळखीचा एक शब्द शोधायचा, तो पक्का करायचा, मग त्याची अक्षरं इतर ठिकाणी ताडून बघायची. मला 'विडो' सापडला आणि पान उघडलं.

तारखांचंही तसंच. इथले जुने कागद राजाच्या कारकिर्दीच्या वर्षाने मोजतात. मला तर पेशव्यांच्या कागदांवरचा 'सन सबा सबैन मया व अलफ' आठवला. हे अरबी आकडे: सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे पेशवाईत चालणारा शुहूर सन ११७७, इसवी १७७६-७७. आणखी एक मेख अशी की १७५२ पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे जुन्या कागदावर फेब्रुवारी १५७० लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १५७१. आपला पाडवाही त्याच सुमाराला येतो. काउंटरवरच्या बाईंना हे सांगितलं तर त्यांनी गुढी म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतलं.

दुपारी मी एका गावच्या जहागिरीच्या न्यायसभेची गुंडाळी मागवली. चर्मपत्राचे लांब तुकडे एका टोकाला शिवून गुंडाळलेले. लॅटिन मला येत नाही. तरी ती उलगडताना हाताला जे जाणवलं ते सांगायला हवं. ते कातडं आहे. एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला केसांच्या मुळांचे बारीक ठिपके. शाई माजूफळ आणि हिराकस यांची, लिहिताना फिकी आणि हवेने काळी होत जाणारी. ती कातड्यात मुरते, पाण्याने सहज धुपत नाही. पण कातडंच पाण्याला आणि उष्णतेला घाबरतं. आखडतं, सुरकुततं, फारच झालं तर त्याचा सरस होतो. म्हणजे आमच्याकडे कागद टिकला आणि शाई गेली, इथे शाई टिकते आणि पान आखडतं. पाण्याला दोन्हीकडे आत शिरायची वाट सापडते.

ओल्या कागदाचं काय करतात, असं मी संवर्धनाचं काम करणाऱ्या एकाला विचारलं. तो म्हणाला, घाईने सुकवायचं नाही, उन्हात तर नाहीच. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून भिजलेला गठ्ठा आहे तसा गोठवायचा. गोठला की वेळ थांबतो. मग निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ होऊन जाते, पाणी पुन्हा वाहतच नाही, त्यामुळे शाई पसरत नाही आणि पानं चिकटत नाहीत.

मला वडिलांचं अंगण आठवलं. चटईवर पसरलेला तो लगदा आणि त्यावर कार्तिकातलं कोवळं ऊन.

असा प्रसंग येऊच नये म्हणून इमारत. दफ्तराच्या खोल्यांना ते 'स्ट्राँगरूम' म्हणतात. ब्रिटनमधल्या अभिलेखागारांसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शक मानकात मिश्र संग्रहाला तापमान १३ ते २० अंश आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ३५ ते ६० टक्के सांगितली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे आकडे दिवसरात्र हेलकावे खाऊ नयेत. जाड भिंती, सूर्यप्रकाश नाही, डोक्यावरून पाण्याचे नळ नाहीत, आग शेजारच्या खोलीत लागली तरी तासन्‌तास दाद न देणारी दारं. अशी खोली बाहेरून बघायला काहीच नसतं. नॉरिचच्या कथीड्रलचा सुळका सुमारे ९६ मीटर उंच आहे, पर्यटक त्याचे फोटो काढतात. त्याच कथीड्रलच्या शेकडो वर्षांच्या हिशेबवह्या इथे मार्टिनो लेनवर या बिनखिडकीच्या भिंतींमागे आहेत, त्यांचा फोटो कोणी काढत नाही. मला विचाराल तर शहर या भिंतींमागे जास्त शाबूत आहे.

एकूण १ कोटी २० लाखांहून अधिक कागद. रिचर्ड राजाची ११९४ ची सनद, जिने नॉरिचकरांना आपला कारभारी आपणच निवडायची मुभा दिली. १३७० पासूनची मृत्युपत्रं. १५६५ नंतर नेदरलँड्सकडून जीव वाचवून आलेल्या विणकरांची नोंदवही. त्यांना इथे 'स्ट्रेंजर्स' म्हणत. त्यांनी कापडधंद्यात जीव आणला आणि सोबत कॅनरी पक्षीही आणले, असं सांगतात. नॉरिचच्या फुटबॉल संघाचं टोपणनाव आजही तेच. शहरभर पिवळे-हिरवे शर्ट दिसतात, आणि त्यांचं मूळ निर्वासितांच्या पिंजऱ्यात आहे, हे मला फार आवडलं.

आणखी एक नाव इथे सांगायलाच हवं. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांचे पुत्र प्रिन्स फ्रेडरिक दुलीपसिंग याच नॉरफोकमध्ये राहिले. इथली पडायला आलेली चर्च, जुनी व्यक्तिचित्रं, जुनी घरं यांच्या मागे ते आयुष्यभर हिंडले. थेटफर्ड गावातलं एक जुनं लाकडी घर त्यांनी विकत घेऊन संग्रहालयासाठी गावाला देऊन टाकलं. १९२६ मध्ये ते गेले. ज्याच्या वडिलांचं राज्य काढून घेतलं, त्याने त्याच लोकांचा भूतकाळ जपला. भाची म्हणाली, परत जाताना थेटफर्डला उतर. उतरलो.

इंग्लंडमध्ये काउंटीने स्वतःचं दफ्तर असं सांभाळायची सुरुवात १९१३ मध्ये बेडफर्डशायरने केली. त्याआधी गावचे कागद चर्चच्या पेटीत आणि वकिलांच्या माळ्यावर पडून असत. म्हणजे तेही आमच्याच पेटीतून निघाले होते.

बंद व्हायच्या अर्धा तास आधी मी गुंडाळी परत केली. संवर्धनवाला कोट घालून निघतच होता. त्याला फोनवर आमच्या चौथ्या रुमालाचा फोटो दाखवला. तो खुर्चीत परत बसला. कापड काढू नका, म्हणाला, धुतलेलं सुती कापड चांगलंच असतं. रबरबँड, पिना, चिकटपट्टी काढा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. जमिनीवर नको आणि छपराखालीही नको, मधल्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून दूर. एका कागदाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, हा चमकतोय का?

तो आम्ही एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला होता. चांगलं वाटावं म्हणूनच केलं होतं. त्याने हळूच सांगितलं, हा आता तसाच राहू द्या, फक्त बाकीचे करू नका.

बाहेर पाऊस थांबला होता. वाईला रात्रीचे साडेनऊ झाले असतील. भावाला फोन लावला.

"दादा, तो रुमाल कुठे आहे?"

"माळ्यावरच. का रे?"

"आजच खाली आण. देवघराच्या कपाटात ठेव, मधल्या खणात."

"आत्ता? जेवायला बसलोय."

"जेवण झाल्यावर. पण आजच."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला, आणि मग वहिनीचा, "टॉर्च कुठे ठेवलाय हो?"