हेल्मेट मोजता मोजता शिकलेल्या संशोधन पद्धती: माझा अनुभव

अकरावी-बारावीच्या मुलांकडून मानसशास्त्राचे प्रकल्प करून घेताना मी विषय त्यांना निवडू देते. प्रश्न मात्र मोजता येण्याजोगा झाल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. ‘पुणेकर हेल्मेट का घालत नाहीत?’ हा दरवर्षी हमखास येणारा प्रश्न. यात ‘का’ आधीच येऊन बसतो. किती जण घालत नाहीत, कुठे आणि केव्हा, हे कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून सुरुवात निरीक्षणापासून.

अलका टॉकीज चौकात उभं राहण्याआधी ‘हेल्मेट घातलं’ म्हणजे काय, ते कागदावर ठरवावं लागतं. आम्ही पाच संकेतांक वापरतो. ० म्हणजे हेल्मेट नाही. १ म्हणजे डोक्यावर आणि पट्टा लावलेला. २ म्हणजे डोक्यावर, पण पट्टा सुटा. ३ म्हणजे सोबत आहे, पण आरशावर, कोपरात किंवा पायाशी. ४ म्हणजे नीट दिसलं नाही. मागे बसणाऱ्यासाठी वेगळा रकाना हवाच, कारण १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ त्यालाही लागू आहे.

‘४’ हा संकेतांक मुलांना फालतू वाटतो, पण पुण्यात त्याच्याशिवाय चालत नाही. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या मुलींचा पट्टा लावलाय की नाही ते दिसतच नाही. त्या नोंदी गाळल्या तर नमुन्यातून मुख्यतः बायकाच गळतात आणि उरलेली टक्केवारी सगळ्या दुचाकीस्वारांची राहत नाही. म्हणून ‘दिसलं नाही’ किती वेळा, हे अहवालात लिहायचंच.

दिसेल ती प्रत्येक गाडी नोंदवायची नाही. सिग्नल सुटला की हात मागे पडतो आणि नजर आपसूक बोडक्या डोक्यांकडे जाते. एक लेन ठरवायची आणि थांबरेषा ओलांडणारी दर पाचवी दुचाकी घ्यायची. तिघांची तुकडी लागते: एकजण गाड्या मोजून ‘आता’ म्हणतो, बाकीचे दोघे एकमेकांचा कागद न बघता अनुक्रमांकापुढे संकेतांक लिहितात. दहा मिनिटं नोंद, पाच मिनिटं विश्रांती. उभं राहायचं फुटपाथवर, गाड्या समोरून येताना दिसतील असं. पाठीमागून पट्टा दिसत नाही. सोबत एक मोठं माणूस असावं. वाहतूक पोलीस दिसला की लोक हेल्मेट चढवतात, म्हणून पोलीस होता की नव्हता तेही दर दहा मिनिटांनी टिपायचं. फोटो नाही, गाडीचा नंबर नाही.

दोन निरीक्षक कशाला, ते आकडेमोडीत कळतं. समजा १०० दुचाकीस्वारांपैकी ४० जणांना दोघांनी ‘आहे’ म्हटलं, ४५ जणांना दोघांनी ‘नाही’. उरलेल्या १५ जणांबाबत मतभेद: ८ ठिकाणी फक्त पहिला ‘आहे’ म्हणतो, ७ ठिकाणी फक्त दुसरा. एकमत ८५ टक्के, ऐकायला छान. पण पहिल्याचे ‘आहे’ ४८ आणि दुसऱ्याचे ४७ असताना निव्वळ योगायोगानेही सुमारे ५० टक्के एकमत झालंच असतं (०.४८ × ०.४७ + ०.५२ × ०.५३). जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला काप्पा हा एकमत मोजणारा आकडा तेवढा योगायोग वजा करतो: (०.८५ − ०.५०) भागिले (१ − ०.५०), म्हणजे ०.७०. हे गणित मी फळ्यावर हातानेच करून घेते. १०० पैकी ९० जण बिनहेल्मेटचे असतील, तर रस्त्याकडे न बघता ‘नाही’ लिहीत जाणाराही ९० वेळा बरोबर ठरतो. हे लक्षात आलं की नुसत्या टक्केवारीवर मुलं विसंबत नाहीत.

‘का’ विचारायला सर्वेक्षण लागतं, आणि तिथे उत्तरं गोड होतात. ‘तुम्ही हेल्मेट वापरता का?’ असं विचारलं की कायदा माहीत असलेला माणूस ‘हो’च म्हणणार. ‘शेवटची गाडी चालवली तेव्हा डोक्यावर काय होतं?’ असं विचारलं की उत्तर खऱ्याच्या जवळ येतं. ‘हेल्मेट जड आणि गैरसोयीचं वाटतं का?’ हे दोन प्रश्न आहेत, तोडायचे. छापण्याआधी प्रश्नावली आठ-दहा जणांवर तपासायची. अठरा वर्षांखालच्यांना विचारायचं असेल तर पालकांची लेखी संमती आधी.

पोलीस असताना हेल्मेटं जास्त दिसली, तरी तो सहसंबंध झाला, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसल्या इतकंच; एक दुसरीचं कारण ठरत नाही. पोलीस बहुधा गर्दीच्या वेळी असतो, आणि त्या वेळी ऑफिसला जाणारेच जास्त असतात. फरक त्यांच्यामुळेही पडला असेल.

कारण शोधायचं तर प्रयोग. दोन गट, एकाला हेल्मेटविषयी मजकूर वाचायला द्यायचा, दुसऱ्याला तेवढ्याच लांबीचा दुसराच काहीतरी. मजकूर हा स्वाश्रयी चल, म्हणजे आपण बदलतो ती गोष्ट; नंतरच्या प्रश्नावलीतले गुण हा आश्रयी चल, म्हणजे परिणाम म्हणून मोजतो ती. गट बाकांप्रमाणे पाडले तर मित्र एका गटात जातात आणि गट आधीपासूनच वेगळे असतात. म्हणून ४० मुलं असतील तर ४० चिठ्ठ्या डब्यात हलवून काढायच्या. आणि मोजलंय ते हेल्मेट घालण्याचा इरादा, घालणं नव्हे. अहवालाच्या शीर्षकात ‘इरादा’ हाच शब्द हवा.